त्याला हात विचारा

माझा मुलगा पकडला गेला तो चांगल्या वळणामुळे. चोरी केली असती, कुणाचं डोकं फोडलं असतं, तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण हा गडी पकडला गेला बायकोला आधी जाऊ दिलं म्हणून. आता राग काढायचा तरी कुणावर?

आम्ही दोर वळणारी माणसं. बाजाराच्या दिवशी तो नि माझी सून दोरखंडांचे भारे घेऊन माल तोलतात त्या फाटकाशी पोचले, तेवढ्यात मागून एक गाडी उधळत आली. पळापळ झाली. घाबरलेल्या माणसाचं अंग घरच्यासारखं वागतं, दुसरं काय. हा फाटकाच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला नि बायकोला म्हणाला, "अहो, व्हा पुढे." आणि सूनही तसलीच, झाली पुढे. फाटकावर देवळाचा राखणदार नखं कोरत बसला होता. त्याने मान वर केली नि आमच्या घराचं वाटोळं झालं.

कारण आमच्या गावात दारातून आधी पुरुष जातो, मग बाई. देऊळ असो, दुकान असो, वैद्याचं घर असो. नवरा बायकोला अगं म्हणतो, बायको नवऱ्याला अहो. थोरल्याचा तसा हुकूम आहे म्हणे. आकाशात दोन चंद्र आहेत, एक थोरला नि एक धाकटी. थोरला मोठा नि संथ, धाकटी एवढीशी नि चपळ. महिन्यातून एकदा ती त्याला गाठते, त्याच्या तोंडावरून सरळ चालत जाते नि पुढे निघून जाते. देवळातले म्हणतात, ती त्याची चाकरी करते, त्याच्याभोवती फेऱ्या घालते. आम्ही म्हणतो, ती पुढे जाऊन रस्ता मोकळा करते. एवढाच काय तो फरक, नि एवढ्यावरून माणसं मिठागराच्या सजेला गेली.

आमच्या घरांत म्हणून सगळं उलट. दारातून बाई आधी, जेवायला बाई आधी, नवरा बायकोला अहो म्हणतो नि ती त्याला अरे. बाहेर पडलं की पाय बदलायचे, जीभ बदलायची. पोर चालायला लागलं की हे शिकवावं लागतं, आणि ते शिकेपर्यंत त्याला बाहेर न्यायची सोय नसते. गावात आम्हाला धाकटीची माणसं कुणी म्हणत नाही. गाठवाले म्हणतात, तेही थुंकून.

ज्या रात्री धाकटी थोरल्याला ओलांडते, त्या रात्री आमच्या बायका आतल्या खोलीत जमतात. पुढची धाकटीचे शब्द म्हणते नि तिचे हात वाखाच्या, म्हणजे आम्ही दोर वळतो त्या धाग्यांवर चालतात, बाकीच्या तिच्यामागून करतात. पुढची म्हणजे सगळ्यांच्या पुढे बसणारी. आधी माझी सासू होती, मग मी. माझी बोटं आखडायला लागली तेव्हा मी ते सुनेकडे दिलं. पुरुषांनी यातलं काही ऐकायचं नाही, बघायचं तर नाहीच. त्यांनी दाराबाहेर, दाराकडे पाठ करून दोराचा चरक फिरवत बसायचं, म्हणजे आतलं बोलणं रस्त्यावर जात नाही नि त्यांच्याही कानावर पडत नाही. आधी माझा नवरा बसायचा, मग मुलगा बसायला लागला. चरकाची निगा राखावी ती या बापलेकांनीच. गल्लीतले बाकीचे चरक नुसते बोंबलायचे, आमचा गुणगुणायचा. शेजारची तेलीण म्हणायची, तुमच्या घरात खाण्यापेक्षा चाकालाच तेल जास्त लागतं. मला त्याचं केवढं कौतुक होतं.

मुलगा माझा अबोल. काही विचारा, उत्तर एकच, "हूं." गल्लीत त्याचं नावच हूं पडलं. लग्न ठरत होतं तेव्हा सुनेने त्याला विचारलं होतं, मी पसंत आहे का, तर तेव्हाही हूं. ती म्हणाली होती, चला, भांडण तरी होणार नाही.

त्याचा बाप असाच धरून नेला होता. मुलगा तेव्हा माझ्या कडेवर होता. त्या वेळच्या पारखीने, म्हणजे देवळाच्या न्यायाधीशाने, जाहीर केलं की हा गाठवाल्यांचा म्होरक्या आहे, याने सगळे शब्द म्हणून दाखवले. मी कपाळावर हात मारला. माझ्या नवऱ्याला शब्द कुठून येणार? देवळाने धडधडीत खोटं रचलं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले. मिठागरातून तो परत आला नाही. तिथून कुणीच येत नाही. त्या पांढऱ्या उजेडाने आधी डोळे जातात, मग माणूस जातो.

कायदा सोपा आहे. पकडलेल्याला पारखी शब्द म्हणायला लावतो. सगळे आले, तर तो म्होरक्या, रवानगी मिठागरात. नाही आले, तर नुसता कुणाच्या तरी मागे लागलेला मूर्ख. त्याने हिवाळाभर देवळाचं अंगण झाडायचं नि घरी यायचं.

म्हणून तेलीण मला धीर द्यायला आली. आमच्यातली ती सगळ्यात म्हातारी. तिचं म्हणणं, घाबरायचं काही कारणच नाही. एक तर पोराला काही येत नाही, आणि आलं असतं तरी तो बोलतो कुठे? मलाही हसू आलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी पोटभर जेवले.

सून मात्र जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला न सांगता देवळात गेली नि दारावरच्या कारकुनाला म्हणाली की गाठवाल्यांची पुढची मी आहे, माझ्या नवऱ्याचा काही संबंध नाही. कारकुनाने शांतपणे विचारलं, बरोबर कोण आहे? म्हणजे पुरुष कोण? बाईचं म्हणणं तिच्या माणसाच्या तोंडून ऐकायची तिथली पद्धत, नि हिचा माणूस तर आत कोठडीत. मग तो सुटला की त्याला घेऊन या, कारकून म्हणाला, आणि रांगेतल्या पुढच्याला हाक मारली.

ती घरी येऊन हे सांगायला लागली तेव्हा मी तिच्यावर अशी कडाडले की शेजारची कोंबडी उडाली. अगं, अक्कल गहाण ठेवलीस का? शब्द तुझ्याकडे, हात तुझ्याकडे. तू गेलीस तर आमच्याकडे राहिलं काय? अर्धवट ओळी आठवणाऱ्या चार म्हाताऱ्या! तुझा नवरा झाडू मारून परत येणार आहे, तू कुठे आगीत उडी घेतेस?

तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "आई, तुमचा माणूस नेला तेव्हा तुम्ही गप्प बसलात. मग काय राहिलं?"

मी वाख झोडायला घेतला नि संध्याकाळपर्यंत झोडत राहिले.

पारखीच्या दालनात बायकांना वर माडीवर बसवतात, लाकडी जाळीमागे. जाळी अशी की खाली बघायचं तर एक डोळा मिटावा लागतो. खाली ओली फरशी, भिंतीलगत गावातले रिकामटेकडे, मधोमध माझा मुलगा. डोकं भादरलेलं. लहानपणी गोवर झाला होता तेव्हा भादरलं होतं, त्यानंतर आत्ताच. मला वाटलं होतं रडू येईल, पण मला आधी दिसलं ते हे, की त्याला कुणी पायात घालायला काही दिलं नव्हतं.

पारखी म्हणजे कुणी राक्षस नव्हता. बारकासा, सर्दी झालेला माणूस, घडीघडी नाक पुसणारा. बाजूला गरम पाण्याचा पेला. बोलणं साखरेत घोळलेलं. त्याने विचारलं, तू गाठवाला आहेस का? मुलगा म्हणाला, हूं. लोक हसले. बायको फाटकातून आधी गेली का? हूं. लोक पुन्हा हसले. पारखीही हसला. माझा जीव भांड्यात पडला. अंगण झाडणाऱ्याशी जसं बोलतात तसं तो बोलत होता.

मग त्याने शब्द म्हणायला सांगितलं. मुलगा फरशीकडे बघत उभा राहिला. मी सुनेच्या मांडीवर थोपटलं. झालं, म्हटलं, आता झाडू.

पारखीने नाक पुसलं. ठीक आहे, म्हणाला. तुला येत नाहीत, म्हणजे तू म्होरक्या नाहीस. पण म्होरक्या तर कुठेतरी असणार. तुमच्या गल्लीतच असणार. मग उद्यापासून घर न् घर तपासायला घेऊ. म्हातारे, बायका, पोरं, सगळ्यांना एकेक करून कोठडीत बसवू नि विचारू. वेळ लागेल, पण माझी काही घाई नाही. हे सगळं इतक्या प्रेमाने सांगितलं की जसा काही औषधाचा काढा समजावतोय.

मुलाने तोंड वर केलं. जाळीमागचं त्याला दिसत नव्हतं, तरी त्याने माडीकडे बघितलं. मग तो म्हणायला लागला.

"आधी तिचं पाऊल, मग वाट. आधी वाट, मग घर."

आमचे शब्द. माझ्या सासूचे, माझे, सुनेचे. पुरुषाच्या आवाजात मी ते जन्मात ऐकले नव्हते. पहिल्यांदा मला आला तो राग, नुसता संताप. कार्ट्या, तू कान लावलास! इतकी वर्षं आमच्या दाराला कान लावलास! आणि त्याच क्षणी मला तो चरक आठवला. तेल घालून घालून गप्प केलेला चरक. काम चांगलं व्हावं म्हणून नव्हतं ते. त्याला ऐकायचं होतं.

मग माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. त्याच्या बापाचा चरकही असाच गप्प असायचा.

म्हणजे देवळाने खोटं रचलं नव्हतं. माझा नवरा याच फरशीवर उभा राहिला होता, त्याला शब्द येत होते, आणि त्याने ते म्हटले होते. माझ्यासाठी. मी कडेवर पोर घेऊन गल्लीत ओरडत होते की त्याला एक ओळ येत नाही, आणि तो सगळ्या ओळी म्हणून मिठागरात चालत गेला होता. मी खाली बघितलं. पारखीचे ओठ मुलाबरोबर हलत होते. त्यालाही सगळं पाठ होतं. आम्ही कुणी त्याला शिकवलं नव्हतं. मग कुणी? दाराबाहेर बसलेल्या या असल्याच गप्प माणसांनी. एकामागून एक त्यांनी इथे उभं राहून म्हटलं असणार, आणि देवळाने ऐकून घेतलं असणार.

सुनेची नखं माझ्या दंडात रुतली होती. ती ओठ घट्ट मिटून ओळी मोजत होती. मलाही माहीत होतं, आता फार राहिल्या नव्हत्या. शेवटची ओळ तोंडातून गेली की संपलं. मुलगा थांबत नव्हता, अडखळत नव्हता. आयुष्यात एकदा पोरगं घडाघडा बोललं, ते हे.

दोन ओळी राहिल्या असताना मी उभी राहिले.

"त्याला हात विचारा," मी ओरडले.

माडीवरून आवाज म्हणजे तिथे आकाश कोसळल्यासारखं. मुलगा थांबला. पारखीने मान वर केली. राखणदार जिन्याकडे धावला, पण पारखी म्हणाला, येऊ द्या आजींना खाली. मजा वाटली असणार त्याला. जिन्याच्या दारात राखणदार माझ्या आधी जायला बघत होता. मी त्याला कोपराने बाजूला केलं.

फरशीवर मी मुलाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मी पारखीला सांगितलं, शब्द हे अर्धंच. ते दाराबाहेर बसलेल्या कुणालाही ऐकू येतात, कावळ्यालासुद्धा. शब्दांबरोबर हात चालतात. पहिल्या ओळीला हात काय करतात, विचारा या तुमच्या म्होरक्याला.

"आई, गप्प बस," मुलगा म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा. मी म्हटलं, तू गप्प बस, तुझं बोलून झालंय.

पारखीने त्याला विचारलं. मुलाने हात पुढे केले. बिचाऱ्याने दोर वळतात तसे तळवे एकमेकांवर घासले. त्याला वाटलं, दोरच असेल, आम्ही दोरवाल्यांच्या बायका, दुसरं काय करणार? भिंतीलगत कुणीतरी खिदळलं. मुलाचे कान लाल झाले. त्याच्या त्या लाल कानांकडे बघून मला जी माया आली, ती मी कशी गिळली ते माझं मला ठाऊक.

दोरवाल्या बाईच्या कमरेला वाख खोचलेला असतोच. मी तो काढला, धागे वेगळे केले नि सुरू केलं. शब्द म्हटले नाहीत, नुसते हात. आमच्यात हे पुरुषापुढे करायचं नसतं. केलं, तर ते बाटतं. मला ते माहीत होतं. वर माडीवर तेलीण बसली होती, तिचा श्वास अडकलेला मला खालून ऐकू आला. पण माझं पोर तिथे अनवाणी उभं होतं. एकदा एक माणूस माझ्यापुढे चालत गेला नि मला कळलंही नाही. पुन्हा नाही. काय बाटायचं ते बाटू दे.

पण बोटं! मेली आखडलेली बोटं. सुरुवात झाली नीट, डावा धागा उजव्यावरून गेला, फेरे पडले, आणि जिथे अंगठा मुडपून आतून काढायचा, तिथे अंगठा मुडपेचना. मी ओढलं, धागा अडकला, गुंता झाला. पुन्हा ओढलं, तर जास्तच. लोक हसायला लागले. पारखी म्हणाला, आजी, गाठ झाली की हो तुमची. आणि त्याने मुलाकडे वळून विचारलं, राहिलेल्या दोन ओळी?

मुलाने तोंड उघडलं. एक ओळ म्हणून झाली.

तेवढ्यात माझ्या हातातून कुणीतरी वाख काढून घेतला. सून कधी खाली आली, कुणी तिला येऊ दिलं, मला अजून माहीत नाही. तिने माझ्याकडे बघितलं नाही, नवऱ्याकडेही नाही. एका झटक्यात गुंता सोडवला नि पहिल्यापासून केलं, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. फेऱ्यावर फेरा चढत गेला, बघणाऱ्याला वाटावं की ही आता कधीच न सुटणारी गाठ होणार. शेवटी तिने अंगठा मुडपून आतून काढला, एक टोक ओढलं, आणि सगळं सुटून सरळ धागा तिच्या हातात राहिला. गाठवाले म्हणतात आम्हाला, नि गाठ मुळात पडतच नाही.

पारखीचं नाक वाहत होतं नि तो पुसायचं विसरला होता. मला त्याचं डोकं चालताना दिसत होतं. त्याला कळलं होतं. त्याने आणि त्याच्या आधीच्यांनी इतकी वर्षं जपलेले शब्द अर्धे होते, आणि नुसते शब्द येणाऱ्यांना म्होरक्या ठरवून त्यांनी मिठागर भरलं होतं.

मी म्हटलं, "म्होरक्या बाई असते. आधी माझी सासू, मग मी. मला धरा. आणि मग मला सांगा, माझा नवरा कोण होता? त्याला कशासाठी नेलंत?"

पारखीने पेला उचलला, पाणी प्यायला, पेला खाली ठेवला. मग नाक पुसलं. रुमाल बाजूला झाला तेव्हा चेहऱ्यावर पुन्हा ते गोड हसू होतं, आणि ते हसू बघून मला जितकी भीती वाटली तितकी त्याआधी वाटली नव्हती.

तो म्हणाला, आजी, ही तर दोऱ्याची करमणूक आहे. माझी बहीणसुद्धा फावल्या वेळात असलं काहीतरी करते. ज्याच्या पुढे बाई आहे तो पंथ कसा असेल? पंथच नसेल तर म्होरक्या कुठला, नि शिक्षा कसली? माझ्या प्रश्नाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तो सुनेकडे वळला.

"काय गं, हा तुमचा धर्म आहे की बायकांचा चाळा? धर्म असेल, तर तुझ्या नवऱ्याची एक ओळ राहिली आहे. ती ऐकून घेऊ. चाळा असेल, तर त्याला घरी घेऊन जा."

मला खरोखर वाटलं की ती धर्म म्हणेल. ती तशीच आहे, आगीत उडी घेणारी. मला वाटलं तिने म्हणावं, आणि मला वाटलं तिने म्हणू नये. आई म्हणून जीव एकीकडे ओढत होता नि पुढची म्हणून दुसरीकडे. मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही, तिच्या हाताकडे बघत राहिले. तो सरळ धागा तिने मुठीत घट्ट धरला होता.

"चाळा आहे," ती म्हणाली.

पारखीने कानामागे हात नेला. मोठ्याने, म्हणाला.

"चाळा आहे, साहेब. आम्हा बायकांचा."

भिंतीलगतचे हसले. आणि माझा मुलगा, ज्याने मिठागराला हूं म्हटलं असतं, तो मोठ्याने म्हणाला, "नाही." पुन्हा म्हणाला, "नाही, नाही." शेवटची ओळ त्याच्या ओठांवर आलेली मला दिसत होती.

सून गर्रकन वळली. "अरे, गप्प!"

भर दालनात बायकोने नवऱ्याला अरे म्हटलं. एवढा हशा उठला की पारखीलाही पेला हातात धरवेना. मुलाने तोंड मिटलं. घरात बाई अरे म्हणाली की तो ऐकतो, लहानपणापासूनचं वळण. पारखीने हसत हसत हात हलवला, याला सोडा, नि मुलाला म्हणाला, तुझ्या बायकांना जरा आवरत जा. मग त्याने पुढचं प्रकरण बोलावलं. मी तिथेच उभी होते. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचं काय? राखणदाराने मला दंडाला धरून बाहेर आणलं. ओढलंसुद्धा नाही नीट. आजी, पायरी आहे, म्हणाला.

रस्त्याने मुलगा पुढे, आम्ही दोघी मागे, गावाच्या रीतीप्रमाणे. त्याची पाठ हलत होती, रडत होता. माझा मुलगा मला परत मिळाला होता, जिवंत, डोळ्यांसकट, नि मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाच्या बरोबरीने असा काही संताप होता की रस्त्यात कुणी हाक मारली असती तर मी त्याला चावले असते. मला गुन्हेगार तरी म्हणायला हवं होतं त्यांनी. इतक्या माणसांना मिठागरात पाठवण्याइतकं जे मोठं होतं, ते माझ्या हातात आल्यावर चाळा झालं. तसं झालं म्हणूनच मुलगा सुटला, हे कळत होतं, आणि कळून जास्तच जळत होतं.

घरी आल्यावर सुनेने पाणी दिलं, तो प्यायला. थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, बाबाही ऐकायचे का? मी म्हटलं, हूं.

मग तेलीण आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. हात पुरुषांपुढे उघडे झाले, म्हणाली, आता ते मेले. आम्हा बायकांना जे उरलं होतं ते तुम्ही दोघींनी एका पोरापायी संपवलंत. तिचं काही चुकत नव्हतं. तिचाही नवरा मिठागरातच गेला होता. मला तिला सांगायचं होतं की तुझाही माणूस खोटं रचून नेलेला नव्हता, तोही ऐकायचा, पण ते दारात उभ्या असलेल्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं. ती गेली. सून चुलीशी पाठमोरी बसून राहिली.

मुलगा हाताकडे बघत बसला होता, दालनात त्याने घासले होते त्या तळव्यांकडे. मग माझ्याकडे न बघता, बायकोकडे न बघता, जमिनीला विचारावं तसं त्याने विचारलं.

"ते शेवटी सुटतं कसं? एवढे फेरे असतात, मग गाठ का पडत नाही?"

आमच्यात हे विचारणाऱ्या पुरुषाला घराबाहेर काढतात. पण कोण काढणार? देवळाच्या लेखी त्यात काही नव्हतं, तेलिणीच्या लेखी ते मेलं होतं. उरलो आम्ही तिघं. उत्तर देणं माझ्याकडे नव्हतं, पुढची मी नव्हते. मी सुनेकडे बघितलं.

ती उठली. तो धागा अजून तिच्या मुठीत होता, घामाने काळा झालेला. तो तिने चुलीत टाकला. कोपऱ्यातल्या झोडलेल्या वाखातून तिने नवे धागे काढले, एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःसाठी घेतला, आणि तिसरा हातात धरून नवऱ्याकडे बघत राहिली.

"आधी हात धू," ती म्हणाली.

तो उठला. बाहेर पाणी सांडल्याचा आवाज येत राहिला, येतच राहिला, शेवटी मला ओरडावं लागलं की पुरे झालं, ये आता आत.